बॅटरी बसली आणि डिक्कीही उघडेना: नागपुरात गाडी अडली तर काय करावं

बॅटरी बसणं आणि डिक्कीचं लॉक जाम होणं, या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून आपण मिस्त्रीला सांगतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत त्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. डिक्की विजेवर उघडते, वीज बॅटरीतून येते, आणि बॅटरी बसल्यावर लागणारी जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची जाड वायर), पाने, स्टेपनी हे सगळं त्याच डिक्कीत बंद असतं. उलटंही होतं. डिक्कीचं लॉक पूर्ण बसत नाही, गाडीला डिक्की उघडीच आहे असं वाटतं, आतला छोटा दिवा रात्रंदिवस जळत राहतो आणि तोच बॅटरी संपवतो. बॅटरी संपली की डिक्की उघडत नाही, आणि आत दिवा जळत होता हे डिक्की बंद असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

म्हणून दोन्हींची दुरुस्ती इथे एकत्र लिहितोय. यातलं एकच काम करणार असाल तर हे करा: वीज नसताना तुमची गाडी कुठून उघडते, ते गाडी धडधाकट असतानाच शोधून ठेवा. एखाद्या रविवारी अर्धा तास लागेल. मे महिन्यात दुपारी दोन वाजता वर्धा रोडच्या कडेला हे शोधणं फार जड जातं.

आधी दोष ओळखा

"गाडी चालू नाही होऊन राहिली भाऊ" या एका वाक्यामागे चार-पाच वेगळी कारणं असू शकतात. केबल काढायच्या आधी दोन मिनिटं ती वेगळी करा.

रिमोट दाबल्यावर काहीच होत नाही, पण चाबीने दार उघडल्यावर आतला दिवा नेहमीसारखा लख्ख लागतो? मग गाडीची बॅटरी ठीक आहे, रिमोटमधला बटणसेल संपलाय. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल असतो आणि घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. बटणस्टार्ट गाडी असेल तर सेल संपलेला रिमोटच स्टार्टच्या बटणाला टेकवून दाबून पाहा. बऱ्याच गाड्या अशा चालू होतात.

सेल्फ मारल्यावर 'टक टक टक' असा भरभर आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात? बॅटरीत थोडी वीज आहे, पण इंजिन फिरवण्याइतकी नाही. एकच जोरदार 'टक' येतो आणि दिवे मात्र लख्ख राहतात? तेव्हा संशय सेल्फच्या मोटरवर घ्या, बॅटरीवर नाही. काहीच आवाज नाही, दिवाही नाही? बॅटरी पूर्ण संपली आहे किंवा टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचं केबल जोडायचं टोक, सुटलं आहे. बॉनेट उघडून दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हाताने फिरलं तर ते सैल आहे. दहा मिलिमीटरच्या पान्याने आवळल्यावर गाडी तिथेच चालू होण्याची चांगलीच शक्यता असते. बॉनेटचा खटका डॅशबोर्डखाली असतो आणि तो तारेने ओढला जातो, त्यामुळे वीज नसली तरी बॉनेट उघडतं. पुढच्या सगळ्या कामाचा आधार हाच आहे.

व्होल्ट मोजायचा तीनशे-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरात असावा असं माझं ठाम मत आहे. गाडी काही तास बंद राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्ज करूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकत असेल तर एक सेल गेलेला आहे. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. त्यातला एक कमी झाला की हाच आकडा येतो. अशा बॅटरीवर पुढे मेहनत करू नका, ती बदला.

वीज नसताना गाडीत शिरणं

रिमोटच्या कवचात लोखंडी चाबी लपवलेली असते. बाजूची छोटी कळ दाबली की ती बाहेर येते. चालकाच्या दारात चाबीचं भोक असतं. काही मॉडेलमध्ये ते हँडलच्या टोकावरच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं, आणि त्या टोपणाला खालून एक खाच असते. चाबीचं टोक त्या खाचेत घालून टोपण हळूच उचला.

हे भोक वर्षानुवर्षं वापरलं जात नाही. रिमोट आहे ना, मग चाबी कोण घालतं? तोवर आत धूळ बसून ते घट्ट होतं. नागपुरात सिमेंट रस्त्यांची बारीक भुकटी आणि उन्हाळ्यातली कोरडी धूळ आहे, त्यावर जुलैचा पाऊस पडतो. या तिन्हींचं मिळून आत जे थर बसतं त्याने पितळी पिन अडकतात. महिन्यातून एकदा दार मुद्दाम चाबीने उघडा, एवढ्यानेही ते मोकळं राहतं.

डिक्की उघडायचे रस्ते, सोप्यापासून अवघडापर्यंत

पहिला रस्ता सगळ्यात सोपा, आणि लोक तोच विसरतात. बॉनेट उघडून बॅटरीला बाहेरून वीज द्या, म्हणजेच जंप द्या (कसा ते पुढे आहे). दोष फक्त बॅटरीचा असेल तर डिक्कीचं बटण लगेच काम करू लागतं. काही महागड्या गाड्यांमध्ये बॅटरीच डिक्कीत असते. तिथे कंपनीने बॉनेटखाली जंप देण्यासाठी अधिक चिन्हाचा वेगळा खुंटा दिलेला असतो, त्यावर सहसा लाल टोपण असतं.

वीज दिल्यावर डिक्कीचं बटण दाबा आणि कान देऊन ऐका. लॉकमधून 'कट' आवाज येतो पण झाकण उचललं जात नाही, तर मोटर चालते आहे आणि अडचण यंत्रात आहे: खटका जाम किंवा झाकणावर दाब. आवाजच येत नाही, तर फ्यूज, बटण किंवा वायर पाहा. हॅचबॅकमध्ये छतापासून डिक्कीच्या झाकणात जाणाऱ्या वायरी रबरी नळीतून जातात आणि झाकण हजारदा उघडून-मिटून तिथेच तुटतात. मागचा वायपर किंवा नंबरप्लेटचा दिवाही बंद झाला असेल तर ती रबरी नळी ओढून वायरी बघा.

'कट' आवाज येत असेल तर दोघांनी मिळून करायची एक युक्ती आहे. एकाने आत बसून बटण दाबत राहायचं. दुसऱ्याने लॉकच्या बरोबर वर दोन्ही तळवे ठेवून झाकण खाली दाबायचं आणि झटकन सोडायचं. डिक्कीत सामान ठासून भरलं असेल, काटोलहून संत्र्यांचे क्रेट आणले असतील, तर झाकण वर ढकललं जातं आणि सगळा ताण खटक्यावर येतो. कमकुवत मोटर त्या ताणाविरुद्ध खटका ओढू शकत नाही. खाली दाबल्यावर ताण सुटतो आणि खटका मोकळा होतो. मे महिन्यात उन्हाने रबरी बीडिंग झाकणाला चिकटतं, तेव्हाही याच युक्तीने काम होतं. बीडिंग चिकटलं असेल तर आधी कडेने एक जुनं एटीएम कार्ड फिरवा.

डिक्कीला बाहेरून चाबीचं भोक असेल तर ते वापरा. सेडानमध्ये चालकाच्या सीटशेजारी खाली तारेचा खटका असेल तर तो ओढा. तो अगदी हलका, काहीच न अडकता वर आला तर तार तुटली किंवा सुटली आहे. दगडासारखा घट्ट असेल तर तार किंवा लॉक गंजलं आहे. जोर लावून ओढत राहिलात तर प्लास्टिकची मूठ हातात येईल.

यातलं काहीच जमलं नाही तर आतून जायचं. मागची सीट पाडा. हॅचबॅकमध्ये सीटच्या वरच्या खांद्यावर कळ असते. टॉर्च घेऊन डिक्कीच्या झाकणाची आतली बाजू बघा. खालच्या कडेला, लॉकच्या बरोबर मागे, नखाएवढं चौकोनी टोपण किंवा खाच दिसते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने टोपण काढा आणि आत दिसणारी छोटी पट्टी बाजूला सरकवा. ती कोणत्या दिशेला सरकते हे गाडीगणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलमधलं ते पान आधीच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. काही गाड्यांत ही सोय नसते. तिथे आतलं प्लास्टिकचं पॅनेल क्लिपा सोडवून काढावं लागतं आणि लॉकची दांडी हाताने ढकलावी लागते.

डिक्कीत सीएनजीची टाकी बसवली असेल तर आत शिरायला जागा राहत नाही. अशा गाडीसाठी बाहेरचा रस्ता, म्हणजे चाबीचं भोक किंवा तार, कायम चालू ठेवणं फार गरजेचं आहे. गॅसचा वास येत असेल तर बॅटरीला हातच लावू नका. दारं उघडी टाका, लांब व्हा आणि मिस्त्रीला बोलवा.

एक विनंती. आतून खटका उघडायला लहान मुलाला आत पाठवू नका. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत पारा ६० अंशांपुढे जाऊ शकतो. मोठ्या माणसानेही चारही दारं उघडी ठेवून, गाडी सावलीत असताना किंवा सकाळी हे काम करावं.

जंप देणं: क्रम का महत्त्वाचा आहे

दुसरी गाडीही १२ व्होल्टची हवी. ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते. ट्रकवाला कितीही मनापासून मदत करायला तयार असला तरी नाही म्हणा, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळेल. दुचाकीची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी कारचा सेल्फ फिरवण्याइतका करंट तिच्यात नसतो. इलेक्ट्रिक कारच्या छोट्या बॅटरीवरून पेट्रोल-डिझेल गाडीला जंप देऊ नका. इलेक्ट्रिक कारमध्येही १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती बसली की लाखोंची गाडी दारही उघडत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

केबल घेताना जाडी बघा, आणि जाडी प्लास्टिकची नाही, आतल्या तांब्याची. स्वस्त केबलीत वरचं आवरण अंगठ्याएवढं आणि आत तांबं सुतळीएवढं असतं. ती तापते आणि गाडी फिरत नाही. किमान १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्या, डिझेल गाडी असेल तर २५ ची.

अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. लोंबणारी साखळी किंवा मंगळसूत्र आत घ्या. बॅटरी फुगलेली असेल, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर जंप देऊ नका. तिच्यातून वायू बाहेर पडतोय आणि एका ठिणगीवर ती फुटू शकते. आता क्रम:

१. दोन्ही गाड्या जवळ उभ्या करा, पण एकमेकींना टेकवू नका. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, हँडब्रेक वर. दिवे, पंखा, म्युझिक बंद. चाबी तुमच्या खिशात आणि एक काच खाली. वीज आली की काही गाड्यांचं सेंट्रल लॉक स्वतःहून लागतं, आणि चाबी आत राहिली तर एक जास्तीची पंचाईत होते.

२. लाल केबलचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या अधिक टर्मिनलला.

३. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला.

४. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या उण्याला.

५. काळ्याचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या, रंग नसलेल्या जाड लोखंडी भागाला, बॅटरीपासून शक्य तितकं लांब. बॅटरीच्या उण्याला नाही.

पाचवी पायरी बरेच जण चुकवतात. शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडतेच. बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून ती ठिणगी तिथून लांब उडायला हवी. नुसत्या नियमापोटी हे पाळायचं नाही. बॅटरी फुटली की आम्ल थेट चेहऱ्यावर येतं. डोळ्यांत गेलं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

६. चांगली गाडी चालू करा, किंचित रेस देऊन पाच मिनिटं ठेवा. मग बसलेल्या गाडीचा सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. न जमल्यास मिनिटभर थांबून पुन्हा. तीनदा करूनही इंजिन फिरलं नाही तर क्लँपची, म्हणजे केबलच्या टोकाच्या चिमट्यांची, पकड तपासा. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी असेल तर क्लँप तिच्यावर टेकलेला असतो आणि वीज पुढे जातच नाही.

७. चालू झाल्यावर दोन-तीन मिनिटं तशीच ठेवा. केबल काढण्याआधी हेडलाईट आणि पंखा लावा, म्हणजे केबल सुटताना येणारा व्होल्टेजचा झटका त्यात जिरतो. मग नेमक्या उलट्या क्रमाने काढा: आधी इंजिनवरचं काळं, शेवटी बसलेल्या बॅटरीवरचं लाल.

आता हातात मावणारे लिथियमचे जंप स्टार्टर मिळतात. एकट्याने प्रवास करणाऱ्यांसाठी ती फार चांगली वस्तू आहे, दुसऱ्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. पण तो नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवून देऊ नका. उभ्या गाडीतल्या उष्णतेने लिथियमचे सेल खराब होतात, फुगतात, पेटूही शकतात. घरून निघताना पाण्याच्या बाटलीबरोबर बॅगेत घ्या आणि उतरताना बरोबर न्या.

धक्का मारून

फक्त गिअरवाल्या गाडीसाठी, आणि डॅशबोर्डचे दिवे थोडे तरी लागत असतील तरच. बॅटरी पार कोरडी असेल तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज नाही, कितीही ढकला. चाबी ऑन, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. गाडीला धावत्या माणसाचा वेग आला की क्लच झटकन सोडून परत दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतं, म्हणून उतारावर किंवा रहदारीत हे करू नका. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही.

समृद्धी महामार्गावर किंवा राष्ट्रीय महामार्गावर हा प्रयोग अजिबात नको. डाव्या कडेला घ्या, धोक्याचे दिवे आणि त्रिकोण लावा, सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करा आणि मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ आहे, जीवाला धोका असेल तर ११२.

चालू झाली, पण पुढे

गाडी चालू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत सिग्नलवर थांबत गेल्याने काही भरत नाही, त्यातून एसी चालू असेल तर नाहीच. मल्टिमीटर लावा: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. त्याखाली असेल तर इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर, ज्याला मिस्त्री डायनॅमो म्हणतात, तो किंवा त्याचा पट्टा बघा. नाहीतर नवी बॅटरी टाकाल आणि आठवड्यात तीही बसेल. १५ च्या वर असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय.

खरी भरणी चार्जरवर होते. नियम सोपा आहे: बॅटरीच्या अँपिअर-तासाचा (बॅटरीवर Ah म्हणून लिहिलेल्या क्षमतेचा) दहावा हिस्सा करंट. ३५ ची बॅटरी असेल तर साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. हवा खेळती असलेल्या जागी ठेवा, स्वयंपाकघरात किंवा देवघराच्या दिव्याजवळ नाही.

टर्मिनलवरची भुकटी साफ करताना आधी उणं काढा, मग अधिक; बसवताना आधी अधिक, मग उणं. कारण उणं जोडलेलं असताना अधिकवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. बॅटरीला पाणी घालायची बुचं असतील तर ती घट्ट बंद असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून, आवळून, वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्या.

जाम लॉकची दुरुस्ती

डिक्की उघडली की लगेच परत आपटून बंद करू नका. ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सूचना समजा. झाकण उघडं ठेवूनच लॉक तपासता येतं. स्क्रू ड्रायव्हरची दांडी लॉकच्या तोंडात घालून खटका आत ढकला. बऱ्याच लॉकमध्ये 'कट... कट' असे दोन टप्पे ऐकू येतात. आता बटण दाबा किंवा तार ओढा. खटका उसळून उघडला पाहिजे. आळसावून, अर्धा उघडला तर झाकण बंद करण्याआधी तो दुरुस्त करायचा. दोन टप्प्यांच्या लॉकमध्ये एकच टप्पा येत असेल तर गाडीला डिक्की उघडी वाटत राहणार, आणि दिवा जळत राहणार.

साफसफाईसाठी डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे बारीक नळीने आत मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, टूथब्रशने काळा चिखल काढा, फडक्याने पुसा. फडक्याला मळ लागेनासा होईपर्यंत हेच. पण इथे थांबू नका. हा स्प्रे गंज सोडवतो, ओलावा हटवतो, टिकाऊ वंगण नाही. काही आठवड्यांत उडून जातो. कोरडं झाल्यावर खटक्याच्या फिरत्या भागांना पांढरं लिथियम ग्रीस लावा, थोडंच. भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर धूळ.

चाबीच्या भोकाचं शास्त्र वेगळं आहे. तिथे ग्रीस नको, शिवणयंत्राचं तेल नको आणि खोबरेल तर मुळीच नको; थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं. जाम असेल तर आधी स्प्रे, मग चाबी हळूहळू आत-बाहेर, बाहेर आलेली घाण प्रत्येक वेळी पुसायची. मग दोन्ही दिशांना थोडं थोडं वळवा. चाबीला पक्कड लावून पिळू नका. ती आत तुटली तर अर्ध्या तासाचं काम चाबीवाल्याकडे दिवसभराचं होतं. मोकळं होऊन पूर्ण सुकल्यावर ग्राफाईटची पूड फुंका. पूड नसेल तर मऊ शिसपेन्सिल चाबीच्या दातांवर घासून चाबी फिरवा, पेन्सिलीचं शिसं म्हणजे मुख्यतः ग्राफाईटच. तेल असलेल्या लॉकमध्ये ग्राफाईट घालू नका, त्याची लुगदी होते.

झाकण नीट बसत नसेल तर खालच्या बाजूचा कडीसारखा भाग, ज्यात खटका अडकतो, तो सरकला असेल. बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. एकेक मिलिमीटर सरकवून बघा.

शेवटी दिव्याची परीक्षा. मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, कॅमेरा दिव्याकडे करून मोबाईल डिक्कीत ठेवा, झाकण बंद करून अर्ध्या मिनिटाने उघडा. व्हिडिओत अंधार दिसला तर काम झालं. ५ वॅटचा दिवा लहान वाटतो, पण तो दिवसाला १० अँपिअर-तास खातो. ३५ ची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी.

पुरात बुडालेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा अनेकांच्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाडीला जंप देऊ नका, सेल्फही मारू नका. इंजिनात पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. आधी बॅटरीचं उणं काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोइंगने न्या. लॉकमधला गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. वाळला की तो सिमेंटसारखा बसतो आणि मग पूर्ण लॉकच बदलावं लागतं.

बॅटरी मेमध्ये मरते, डिसेंबरात कळतं

थंडीने बॅटरी बसते असं आपण मानतो, कारण ती डिसेंबरच्या सकाळी दगा देते. नुकसान नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, झालेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात: शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. बॉनेटखाली तर बाहेरच्या ४५ अंशांवर इंजिनाची उष्णता चढते. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं म्हणून अशक्त बॅटरीही निभावून नेते. हिवाळ्यात तेल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि तेव्हा बिंग फुटतं. म्हणून तीन वर्षं झालेली बॅटरी दिवाळीच्या आत लोडटेस्टरवर (बॅटरीवर भार टाकून पाहणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये.

सुट्टीत गावाला जात असाल तर हा हिशोब करा. बंद गाडीही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरसाठी करंट घेते. ५० मिलिअँपिअरपर्यंत ते ठीक मानतात. तेवढाही धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ ची बॅटरी महिन्यात संपते. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर जोडलेला असेल तर त्याहून लवकर. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल तर उणं टर्मिनल काढून ठेवा, पण त्याआधी डिक्की चाबीने किंवा तारेने उघडते का ते बघा. शक्य असेल तर झाडाखाली उभी करा. जंपर केबल, दहाचा पाना, चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च डिक्कीत नको, चालकाच्या सीटखाली ठेवा.

नवी बॅटरी घेताना क्रमांकाचं शेवटचं अक्षर जुळवा. '३८ बी २० एल' मधलं 'एल' टर्मिनलची बाजू सांगतं. 'आर' घेतलीत तर केबल पोचणार नाही, आणि ताणून उलटी जोडली तर नुकसान मोठं. सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारची बॅटरी असते, तिथे स्वस्तातली साधी टाकू नका, ती फार टिकत नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि बॅटरीवरचा क्रमांक लिहून घ्या. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात, आणि ती भंगारवाल्याकडे गेली तर आम्ल नालीत ओतलं जातं.